परळ ते परळ

माझ्या औषधांच्या डबीत दोन गोळ्या शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. रविवारी रात्री घ्यायची ती मेथोट्रेक्सेट, आमवातासाठी. मंगळवारी घ्यायची ती फोलिक ऍसिड. पहिली जे अडवते तेच दुसरी पुरवते. पहिली आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकूनही रोज नाही, असं आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईनं दोनदा अधोरेखित करून दिलंय. (ज्यांच्या घरी ही गोळी असेल त्यांनीही हे ध्यानात ठेवा बरं का. रोज घेतली तर रक्त तयार होणंच थांबतं आणि माणूस दगावू शकतो.)

"ही मूळची कॅन्सरची गोळी, बाई. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरची," डॉक्टर सहज म्हणाले. मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाच्या तासाला माझं काय काम? पण 'मूळची' हा शब्द इतिहासाच्या बाईपुढे टाकला की ती गप्प बसत नाही. गेले चार-पाच महिने मी या गोळीचं कूळ शोधतेय. अडलं तिथं भाच्याला फोन केला, तो औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. आणि शोधता शोधता पोचले कुठं, तर मुंबईत. परळला! आपल्यातल्या निम्म्या लोकांचे काका-मामा ज्या परळ-लालबागच्या चाळींत वाढले, तिथं.

तर मंडळी, साल १९२८. परळला हाफकिन संस्था आहे ती जागा पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होती. प्लेगच्या काळात तिथं प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला हाफकिनसाहेबांचं नाव मिळालं. तिथं इंग्लंडहून एक डॉक्टरीणबाई आल्या. ल्यूसी विल्स. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या, पण त्या काळी केंब्रिज बायकांना शिकू देई, पदवी देत नसे (ती द्यायला त्यांना १९४८ साल उजाडलं, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य आधी मिळालं!). पुढे लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून त्या १९२० साली डॉक्टर झाल्या. त्यांना इथं बोलावलं मार्गारेट बाल्फोर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी. बाळंतपणात इतक्या बायका का मरतात याची चौकशी तेव्हा चालू होती, तिच्यासाठी.

गिरणीत काम करणाऱ्या बायका दिवस राहिले की पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, पाय सुजत, आणि कितीतरी जणी बाळंतपणाआधी नाहीतर नंतर जात. हा साधा पंडुरोग नव्हता. साध्या पंडुरोगात लोह कमी असतं आणि तांबड्या पेशी लहान, फिकट होतात. या बायकांच्या रक्तात पेशी थोड्या, पण आकारानं मोठ्या, अर्धवट वाढलेल्या दिसत. अशाच पेशी दिसणारा एक पंडुरोग पाश्चात्त्य देशांत ठाऊक होता. त्यावर १९२६ साली बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी कलेजी खाऊ घालण्याचा उपाय काढला होता, त्याला पुढे नोबेलही मिळालं. मग परळच्या बायकांचा रोग तोच का? विल्सबाईंना तसं वाटेना.

आता त्यांनी काय केलं, ते मला फार आवडलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी त्या बायकांच्या ताटात डोकावल्या. कोण काय खातं, दूध किती, भाजी किती, फळ कधी. निरनिराळ्या थरांतल्या बायकांची ताटं त्यांनी ताडून पाहिली. सगळ्यांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा निघाला आणि रोगही त्यांच्यातच जास्त. म्हणजे दोष रक्तात नव्हता, पोटात काय जातं त्यात होता. मग तसाच निकृष्ट आहार उंदरांना देऊन पाहिला, माकडांना देऊन पाहिला. त्यातले काही प्रयोग कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत झाले. उंदरांच्या बाबतीत तर घोटाळाच झाला. त्यांच्या अंगावरच्या उवांमधून आलेल्या जंतूनं त्यांचं रक्त आटत होतं, हे मागाहून कळलं. माकडांनी मात्र साथ दिली. आहारानं पांढरं पडलेलं माकड एका भलत्याच गोष्टीनं सुधारलं. तिचं नाव मार्माइट.

मार्माइट म्हणजे बिअर गाळून झाल्यावर तळाशी उरणाऱ्या यीस्टचा अर्क. काळा, चिकट, खारट. इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्त. मी एकदा जावेकडे लंडनला चाखलाय, दुसऱ्यांदा चाखणार नाही. गिरणीतल्या मावश्यांच्या तो घशाखाली कसा उतरवला असेल कोण जाणे! पण उतरला, आणि थोड्याच दिवसांत रक्त भरू लागलं. जून १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्सबाईंचा लेख आला. यीस्टमध्ये आणि कलेजीत असं काहीतरी आहे की जे या बायकांना वाचवतं, इतकं त्यांनी ठामपणे दाखवलं. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले.

विल्सबाईंचं नाव निदान त्या घटकाला तरी काही वर्षं मिळालं. ज्यांनी दंड पुढे केले, रक्त दिलं, तो काळा अर्क गिळला त्या बायकांचं काय? डॉक्टरी लेखांत रोग्याला नाव नसतं, आकडा असतो. पाठ्यपुस्तकात वास्को द गामाचं नाव येतं आणि त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाट दाखवत आणणाऱ्या वाटाड्याच्या नावावर अजून वाद चालतात, तसंच हे. असो.

याच १९३१ सालच्या जून महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. मुंबईच्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एका घरातल्या लेडी मेहेरबाई टाटा वेल्समधल्या शुश्रूषागृहात वारल्या. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या या बाईंना झाला होता रक्ताचा कॅन्सर, ल्यूकेमिया. त्यांच्याकडे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा होता. पैशानं जे जे मिळतं ते त्यांना मिळू शकत होतं. पण या रोगावर जगात कुणाकडेच काही नव्हतं. एकाच महिन्यात परळच्या अनाम मजूर बायका स्वस्तातल्या अर्कानं वाचल्याची बातमी छापून आली आणि त्याच शहरातली धनाढ्य बाई गेली. नियती वगैरे शब्द मी वापरत नाही, पण तारखा मांडल्या की त्या आपणच बोलतात.

पत्नीच्या मागे सर दोराबजींनी १९३२ साली रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्तांनी परळला रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ला टाटा मेमोरियल सुरू झालं. हाफकिनपासून चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत. पण विल्सबाईंच्या शोधाला ती दहा मिनिटांची वाट चालायला पुष्कळच वर्षं लागली, कारण तो गेला सातासमुद्रापलीकडून.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात काही रसायनशास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून, गाळून त्यातून चिमूटभर पदार्थ वेगळा काढला. पानातून आलेला म्हणून लॅटिन भाषेतल्या 'पान' या शब्दावरून नाव ठेवलं फोलिक ऍसिड. विल्सबाईंचा घटक तो हाच. माझी आजी "पालेभाजी टाकू नये, रक्त होतं" म्हणायची. तिला कुणी नोबेल दिलं नाही, पण म्हणायची ते खरं होतं.

चार टन पालकातून चिमूटभर, हा काही औषधाचा मार्ग नव्हे. प्रयोगशाळेत तो पदार्थ घडवायला हवा होता. ते काम न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर इथं लेडर्ली कंपनीत झालं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमचे. जन्म १८९५. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला पास. (नापास झालेल्या मुलांच्या पालकांना मी हे नाव आधी सांगायला हवं होतं, पण मला स्वतःलाच ते सत्तरी ओलांडल्यावर कळलं.) मद्रासच्या मेडिकल कॉलेजात ते शिकत होते तेव्हा गांधीजींची हाक ऐकून शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घालू लागले. सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक रागावले आणि पूर्ण पदवीऐवजी हाती कमी प्रतीचा परवाना पडला. त्याआधी त्यांचे दोन भाऊ लागोपाठ संग्रहणीनं गेले होते. ही उष्ण देशातली संग्रहणीही शरीरातलं फोलिक ऍसिड संपवते. भावांना वाचवू शकलं असतं असं द्रव्य पुढे याच माणसाच्या प्रयोगशाळेत तयार व्हायचं होतं.

ते बोस्टनला गेले ते उसनवारीवर. हार्वर्डला शिकत असताना रात्री रुग्णालयात हमाली केली, रोग्यांची मलमूत्राची भांडी धुतली. स्नायूंना शक्ती कुठून मिळते याबद्दलचं त्यांचं काम आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, पण हार्वर्डनं त्यांना कायमची जागा दिली नाही. म्हणून १९४० साली ते कंपनीत गेले. मागे गावी बायको वाट बघत होती. त्यांचा मुलगा तान्हेपणीच गेला, त्याचं तोंडही यांनी पाहिलं नाही. परत येईन येईन म्हणत ते कधीच आले नाहीत. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिणारे हा भाग चार ओळींत उरकतात, मला तो चार ओळींचा वाटत नाही. पण त्या बाईंबद्दल माझ्या हाती फारसं काही लागलं नाही.

१९४५ साली सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक ऍसिड घडवलं. आता गोष्टीला वळण मिळतं ते बोस्टनला, मुलांच्या रुग्णालयात. तिथं सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रोग्यांचे नव्हे, मेलेल्यांचे म्हणा ना! शवविच्छेदन करून रोग ओळखणारे. ल्यूकेमिया झालेली मुलं आठवड्यांत, फार तर महिन्यांत मरत आणि त्यांच्या टेबलावर येत. त्यांना वाटलं, फोलिक ऍसिडनं पांढऱ्या पडलेल्या बायकांचं रक्त सुधारतं, तर या मुलांचंही सुधारेल. त्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली. झालं उलटंच. मुलांचा रोग भडकला.

या जागी मी वाचता वाचता थांबले होते. त्या मुलांच्या आयांना काय सांगितलं असेल? आज असा प्रयोग करायचा तर चार समित्यांची परवानगी लागते, आणि लागावीच. पण फार्बरनी त्या भडकण्यातून जे ओळखलं ते असं. हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, रक्ताच्या पेशींची गिरणी अहोरात्र चालू असते. नवी पेशी घडवायला फोलिक ऍसिड लागतं, गिरणीला कापूस लागतो तसं. परळच्या बायकांच्या गिरणीला कापूसच मिळत नव्हता. या मुलांच्या गिरणीत मात्र पांढऱ्या पेशींचा एकच साचा बेफाम सुटला होता, आणि यांनी त्याला आणखी कापूस पुरवला. मग कापूस अडवला तर? फोलिक ऍसिडसारखं दिसणारं पण काम न करणारं, खोटं द्रव्य दिलं तर साचा फसेल आणि थांबेल.

खोटं द्रव्य कुठून आणायचं? जिथं खरं तयार झालं तिथूनच. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनं अशी जुळी द्रव्यं घडवली होती. त्यातलं अमिनोप्टेरिन १९४७च्या डिसेंबरअखेरीस फार्बरनी एका दोन वर्षांच्या मुलाला टोचलं. रुग्णालयातले सहकारीच नाराज होते. मरायला टेकलेल्या लेकरांना सुखानं जाऊ द्या, टोचता कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते मूल मात्र उठलं, चालू लागलं, खेळू लागलं. जून १९४८ मध्ये फार्बरनी १६ मुलांचा वृत्तान्त छापला. त्यातल्या १० जणांना गुण आला होता. काही महिन्यांपुरताच. रोगानं पुन्हा उचल खाल्ली आणि ती मुलं गेली. पण औषधानं हा रोग मागे हटतो हे जगानं प्रथम पाहिलं. आणि सुब्बाराव? लेख छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, झोपेतच गेले. वय ५३.

अमिनोप्टेरिनचं जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. माझ्या डबीतलं. तेही लेडर्लीचंच.

पुढची वीस वर्षं मी भराभर सांगते. एकेक औषध येत गेलं. त्यातलं एक तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो म्हणत, म्हणून कॅनडातल्या संशोधकांनी तपासला. साखर काही उतरेना, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्या झाडातून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून ल्यूकेमियात वापरलं जातं. पण एकेकटं औषध काही महिनेच पुरे. सगळी एकदम द्यायची, रोग दिसेनासा झाला तरी दोन-तीन वर्षं देत राहायचं, आणि मेंदूत लपून बसणाऱ्या पेशींसाठी पाठीच्या कण्यातूनही द्यायचं, असा पूर्ण बेत मेम्फिस शहरातल्या डोनाल्ड पिंकेल या डॉक्टरांनी बसवला. १९६७-६८च्या सुमाराला उपचार सुरू केलेल्या त्यांच्या मुलांपैकी निम्मी कायमची बरी झाली. निम्मी! वीस वर्षांपूर्वी एकही नाही, आणि आता निम्मी.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं? आपण सिनेमे बघत होतो. १९७१ साली 'आनंद' आला, १९७५ साली 'मिली', दोन्ही हृषीकेश मुखर्जींचे. मुलींच्या घोळक्यात रुमाल ओले झाले. आता गंमत बघा, मिलीला जो रोग दाखवलाय तो पर्निशस अॅनिमिया. म्हणजे तोच पंडुरोग, ज्यावर बोस्टनवाल्यांनी कलेजी काढली आणि १९४८ साली तर त्यातलं बी-१२ जीवनसत्त्वही वेगळं झालं. मिलीला खरं तर ठरावीक दिवसांनी एक इंजेक्शन पुरलं असतं. पण मग सिनेमा कसला झाला असता? थट्टा बाजूला ठेवते. त्या सिनेमांनी आपल्या पिढीच्या मनात एक गोष्ट पक्की केली, की रक्ताचा रोग म्हणजे सुंदरपणे मरणं. उपचार हा विषय त्यात नव्हताच.

१९७६ साली मी तालुक्याच्या गावी शिकवत होते. आठवीत एक मुलगा होता, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर रोज सुविचार तोच लिहायचा. दिवाळीनंतर तो वारंवार गैरहजर राहू लागला. आला की चेहरा कागदासारखा. कबड्डी खेळला की अंगावर काळेनिळे डाग. घरचे म्हणत, रक्ताचं पाणी होतंय. त्याला मुंबईला नेलं, रोगाचं नाव कळलं. महिनाभर औषध दिलं आणि तो खरंच सुधारला. वर्गात आला, फळ्यावर सुविचार लिहिला. वडील शेतमजूर. पुन्हा पुन्हा या म्हणून सांगितलेलं, पण मुलगा तर बरा दिसतोय, एसटी आणि आगगाडीचं भाडं, मुंबईत राहायचं कुठं, सुगीचे दिवस बुडवायचे कसे... ते गेले नाहीत. फाल्गुनात तो गेला. त्याच वेळी मेम्फिसला बरी झालेली मुलं शाळेत जाऊन वर्षं झाली होती, हे मला आता, या गोळीचं कूळ शोधताना, तारखा जुळवताना कळलं. तो वर्षांचा आकडा मी वहीत लिहिला आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

परळला काय घडत होतं ते आता सांगते. १९८३ साली, गिरणी संप होऊन वर्ष उलटलं होतं, भोंगे गप्प झाले होते, तेव्हा टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो दिला. भारतातलं ते पहिलं प्रत्यारोपण. डॉ. अडवाणींना आठव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. अमेरिकेत सिएटलला जाऊन ज्यांच्याकडे ते हे शिकले त्या डॉनॉल थॉमसना पुढे १९९० साली नोबेल मिळालं. (मेम्फिसच्या पिंकेलनाही तरुणपणी पोलिओ झाला होता आणि ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावर मला जरा वेळ काही सुचलंच नाही.)

पण माझ्या मते त्या प्रत्यारोपणाहून मोठी गोष्ट त्यानंतर वर्षभरात सुरू झाली, आणि तिची बातमी कुठं पहिल्या पानावर आली नाही. १९८४ साली टाटा रुग्णालय, मद्रासची कॅन्सर संस्था आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या इयन मॅग्रॉथ यांच्या साहाय्यानं एक बेत आखला. त्याचं नाव एमसीपी ८४१. नवं औषध त्यात काहीच नाही. इथल्या दवाखान्यांना झेपेल, इथल्या खिशाला परवडेल, आणि एकाच पद्धतीनं सगळीकडे देता येईल असा तो क्रम होता. कुठल्या आठवड्यात काय, किती. त्याआधी आपल्याकडे पाचांतलं एखादं मूल जगे. या बेतानं निम्म्याच्या आसपास जगू लागली. आज श्रीमंत देशांत दहांतली नऊ बरी होतात, आपल्या मोठ्या रुग्णालयांतही प्रमाण पुष्कळ वाढलंय. आणि जी जातात त्यांतली बरीच औषधाला दाद न दिल्यामुळे नाही, तर उपचार मध्येच सुटल्यामुळे, नाहीतर उपचारांच्या काळात जंतुसंसर्ग होऊन जातात.

उपचार मध्येच सुटणं म्हणजे काय, हे मला फळ्यावरच्या सुविचारामुळे ठाऊक होतं. म्हणून आमच्या भाचीच्या लेकीचं जेव्हा २०१२ साली निदान झालं (नातेवाईकांना सगळं माहीतच आहे, इतरांसाठी लिहिते), तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो राहण्याचा. पोर सहा वर्षांची. ताप येत होता, गावच्या डॉक्टरांनी तीन आठवडे हिवतापाची औषधं दिली होती. मग हिरड्यांतून रक्त आलं आणि साधी रक्ततपासणी झाली. परळला ज्या रक्ततज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं त्यांनी आधी रोगाबद्दल बोललंच नाही. कागद घेतला, त्यावर महिने आखले. "दोन-अडीच वर्षं. एकही तारीख चुकवायची नाही. मूल ठणठणीत दिसलं तरी यायचं, दिसेल तेव्हा तर नक्की यायचं." मग विचारलं, मुंबईत कोण आहे, भाड्याचं काय, धाकट्या भावाला कोण सांभाळतं, बाबांची नोकरी कसली. रुग्णालयातल्या समाजसेविका ताईंची गाठ घालून दिली. औषध कुठलंही डॉक्टर लिहून देईल, पण तज्ज्ञ कशाला म्हणायचं ते मी त्या दिवशी पाहिलं.

पहिले काही महिने मायलेकी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिल्या. तिथं बिहारची, बंगालची, विदर्भातली माणसं. सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा, 'काउंट'. तुमचा किती, आमचा किती. पोरीला पाठीच्या कण्यात जे टोचत ते पिवळंधमक असायचं. ती त्याला 'हळदीचं पाणी' म्हणायची. ते मेथोट्रेक्सेट. पुढची दीड-दोन वर्षं दर आठवड्याला त्याच्याच गोळ्या. मला तेव्हा आमवात नव्हता, नावही लक्षात राहिलं नव्हतं. आता आम्ही दोघी त्यावरून एकमेकींना चिडवतो. ती म्हणते, "आजी, माझं उष्टं औषध तू घेतेस."

आता तर पुढचंही निघालंय. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या. मुंबईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून केलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशात कोटींत जातो तो खर्च इथं लाखांवर आला. तरी ते लाख आपल्यातल्या किती जणांकडे असतात, हे प्रत्येकानं आपापल्या घरी मोजावं.

पोर आता फिजिओथेरपी शिकते. वर्षातून एकदा तपासणीला जावं लागतं, गेल्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेले. काउंट चांगला होता. बाहेर पदपथावर नेहमीसारखी माणसं बसली होती, पिशव्या, फायली, तोंडाला मास्क लावलेली पोरं. "चल, तुला एक जागा दाखवते," म्हणून तिला आचार्य दोंदे मार्गानं हाफकिनच्या फाटकापर्यंत चालवत नेलं. माझ्या गुडघ्यांच्या वेगानंसुद्धा दहा मिनिटं लागली नाहीत. वाटेत तिला मार्माइटची गोष्ट सांगितली. तिला माकडाचा भाग आवडला. त्या बायका कुठल्या गिरणीत होत्या, असं तिनं विचारलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कोणाला भेटायचंय म्हणून हटकलं. म्हटलं, कुणाला नाही, नुसतं बघतोय. मग ऊन वाढलं तसं हिंदमाताच्या बाजूला जाऊन आम्ही दोघींनी डोसा खाल्ला.